जीपगाडीचा गंज आणि गुत्त्याचे काम

पावसाळा सरून पूर्णेचे पाणी निवळू लागले, की केदारखेड्याच्या पंचक्रोशीत दोन वस्तू दुरुस्तीसाठी उघड्या केल्या जातात. एक घराचे छप्पर आणि दुसरी गोठ्याच्या पडवीत उभी असलेली जुनी जीपगाडी. छपराचे काम आमचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. कोणता वासा किडला व कोणता अजून दहा वर्षे तग धरील हे तो हात लावून सांगतो आणि किडलेल्या वाशावर चुना फासून तो लपविण्याचा वेडेपणा करीत नाही. जीपगाडीच्या बाबतीत मात्र हाच शहाणा मनुष्य गंजावर रंग फासून घेतो, त्याचे पैसे मोजतो आणि गाडी नवी झाली म्हणून नारळ फोडतो. या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार आहे तो एवढाच, की ही चूक मी स्वतः केली, आणि तिचे फळ मला न भोगावे लागता दुसऱ्याला भोगावे लागले.

हकीकत अशी. २०२१ सालच्या पोळ्याआधी मी माझी गाडी एका कारागिराकडे गुत्त्याने दिली. पत्रा, रंग, टप सर्व मिळून एक रक्कम ठरली. ठरल्या दिवशी गाडी आरशासारखी चकचकीत होऊन आली. पुढे कार्तिकात कापसाची वेचणी सुरू झाली. गाडीच्या हौद्यात वेचणीच्या बाया बसवून शेतावर नेत असता पाणंदीतल्या एका खड्ड्यात चाक आदळले आणि मागच्या बाजूची फरशी खचली. एका बाईचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला व फुटलेल्या पत्र्याच्या कडेने पोटरी चिरली. गाडी गोगलगाईच्या गतीने चालली होती म्हणून पाय चाकाखाली सापडला नाही. त्या बाईची दीड महिन्याची मजुरी मी दिली; परंतु पाय वाचला तो माझ्या पुण्याईने नव्हे. फरशीचा तो तुकडा उचलून पाहिला तेव्हा वर रंग, त्याखाली बोटभर जाडीचे लुकण आणि त्याखाली चाळणीसारखा झालेला जुना पत्रा असे थर निघाले. शिवाय हौद्यात माणसे भरून नेणे हेच मुळात गैर होते, हेही येथे कबूल केले पाहिजे.

आता असली गाडी मोडीत का घालू नये, असा प्रश्न कोणी करील. जालन्याच्या भट्ट्या भंगारावरच चालतात, आणि तेथे जीपगाडीचे वजन करून घेणारे गिऱ्हाईक रोज भेटते. माझे म्हणणे असे, की भट्टीत घालण्यापूर्वी तिची योग्यता पाहावी. आमची जमीन काळी, चिकण. भाद्रपदात पाणंदीत बैलगाडीची धाव आऱ्यांपर्यंत रुतते, तेथे चारी चाकांना जोर असलेली गाडीच मोसंबीच्या बागेपर्यंत औषधाचे पिंप पोहोचवू शकते. ही गाडी मूळची लष्करी. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकेत विलीस व फोर्ड या कारखान्यांनी मिळून ती सहा लाखांवर बांधली. मुंबईत १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी निघालेल्या व पुढे महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने १९४७ साली तिचे सुटे भाग मागविले आणि १९४९ साली माझगावास पहिली गाडी जोडली. आमचा मुलूख तेव्हा निजामी अमलातून नुकताच सुटला होता. पुढे सरकारी अंमलदारांच्या जीपा जुन्या झाल्या, की लिलावात शेतकऱ्यांकडे येत. ती वाटही आता बंद झाल्यासारखी आहे. कारण १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवली जात नाही आणि त्या मोडीतच निघतात. जुन्या ठेवणीची साधी जीप कारखान्यातूनही आता निघत नाही. सबब जी आहे ती नीट राखणे यालाच किंमत आहे.

दुसरे असे, की खेड्यात दुरुस्त करता यावी अशी हिच्यासारखी गाडी नाही. हल्लीच्या बहुतेक मोटारींचा सांगाडा व अंग एकजीव असते. एका ठिकाणी गंज लागला की सर्व गाडीची ताकद खचते. जीपची चासी म्हणजे शिडीसारखी निराळी चौकट, आणि तिच्यावर बोल्टांनी बसविलेले सपाट पत्र्यांचे अंग. सपाट पत्रा वाकविण्यास मोठे यंत्र लागत नाही. ज्याला कोठीचे झाकण करता येते त्याला जीपची फरशी करता येईल, मात्र त्याने घाई करता कामा नये.

गंज म्हणजे काय, हे मोसंबी लावणाऱ्या शेतकऱ्यास सांगण्याची वस्तुतः गरज नाही. मोरचूद व चुना यांचे मिश्रण आपण करतो तेव्हा त्यात विळ्याचे पाते क्षणभर बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजतो. त्या क्षणी पाण्यातील तांबे पात्यावर बसते आणि तेवढेच लोखंड पाण्यात उतरते. गाडीच्या पत्र्यावर पाणी व हवा मिळून लोखंडाला असेच सोडवून घेतात. फरक इतकाच, की तेथे क्षणाचे काम वर्षावर चालते, आणि पाण्यात क्षार असला तर ते चौपट वेगाने चालावे तसे चालते. आता आपण हौद्यात काय वाहतो ते आठवावे. पोटॅशची गोणी म्हणजे क्लोराईड. तो लोखंडाचा हाडवैरी. अमोनियाची खते त्याच्या खालोखाल. मोरचुदाचे पाणी सांडले तर त्याचे वर सांगितलेच. फाटक्या गोणीतून ओंजळभर खत फरशीच्या सांध्यात पडते, रात्रीच्या दमट हवेत ते पाणी धरते आणि उन्हाळ्यातही आपले काम करीत राहते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला त्या काळी लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी समजूत शेतकऱ्यांत होती व त्यामुळे नांगर खपेनात. खरा प्रकार उलटा आहे. जमीन व तिची खते हीच लोखंडाला बाधतात.

गंज कोठे धरतो हे पाहावयाचे तर वरून पाहू नये. बॉनेट व दर्शनी भाग सहसा शाबूत असतात, कारण तेथे पाणी थांबत नाही. चालकाच्या पायाखाली रबरी चटई असते; ती काढावी, तिच्याखाली बारमाही ओल सापडेल. मडगार्डाच्या आतल्या बाजूस चिखलाचा जो थर बसतो तो वाळला असे वाटते, पण काळी माती पाणी सोडीत नाही. दिवाळीत खरवडली तरी आतून ओली निघते. बॅटरीखालचा पत्रा तेजाबाने खाल्लेला असतो. फरशीला खालून आधार देणाऱ्या पन्हळी पट्ट्या हे तर गंजाचे माहेरघर. महायुद्धातील जीपांत या पट्ट्यांच्या पोकळीत लाकूड भरलेले असे; ते ओल धरून बसे आणि पट्टी आतून कुजवी. आपल्या गाड्यांत लाकडाचे काम चिखल करतो. जेथे एका पत्र्यावर दुसरा पत्रा चढवून जोडला आहे अशा प्रत्येक सांध्यात पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे चढते. हे सर्व झाल्यावर चासीकडे यावे: कमानपाट्यांचे कान, स्टिअरिंगची पेटी जेथे बसविली आहे ती जागा आणि ट्रॉली ओढण्याचा आकडा असलेली मागची आडवी पट्टी. माठ घेताना आपण टिचकी मारून घेतो. येथे लहान हातोडी घ्यावी. शाबूत लोखंड खणखणते, कुजलेले बद्द बोलते. जेथे बद्द आवाज येईल तेथे पेचकस दाबून पाहावा. आरपार गेला तर वाईट वाटून घेऊ नये. लुकणाखाली राहून तो दगा देणार होता.

आता मुख्य मुद्दा. गाडी लुकणाने का भरली जाते? कारागीर लबाड असतात म्हणून, असे म्हणणे सोपे आहे, पण माझा अनुभव तसा नाही. दोष गुत्त्याचा आहे. खुरपणीचे काम गुत्त्याने दिले तर तण मुळासकट निघत नाही, वरून कापले जाते, हे आपण जाणतो आणि म्हणून जपून ठेवावयाच्या पिकात आपण बायांना रोजानेच लावतो. गाडीच्या बाबतीत हे तारतम्य आपण विसरतो. एकच रक्कम व एकच तारीख ठरली, की कारागिराचा फायदा पत्रा कापण्यात राहत नाही, झाकण्यात राहतो. कुजका भाग कापीत गेल्यास तो किती वाढेल हे कोणासच आधी सांगता येत नाही. हातभर जागेत सुरू केलेले काम बरेचदा वावभर होते. ही वाढ कोणी सोसावयाची, हे ठरलेले नसते. म्हणून कारागीर ती वाढू देत नाही. वर आम्ही गिऱ्हाइके रंगाची चमक पाहून पैसे देतो. आम्ही ज्याची पारख करतो तेच आम्हास मिळते. माझ्या कारागिराने लुकण भरले, हे खरे. परंतु पत्रा उघडा असताना एकदाही मी तेथे गेलो नव्हतो, हेही तितकेच खरे आहे.

यावर उपाय मला सुचतो तो असा. पत्रा कापण्याचे व जोडण्याचे काम रोजाने द्यावे, रंगाचे खुशाल गुत्त्याने द्यावे. दोहोंच्या मध्ये एक दिवस असा ठेवावा, की त्या दिवशी गाडी पूर्ण उघडी, जोडलेली, पण लुकण वा रंग काहीही न लावलेली अशी मालकाने पाहावी. रोजाने दिल्यास काम लांबते, अशी ओरड होईल. लांबते खरे. परंतु जी दोन दिवसांची मजुरी अशा रीतीने जादा जाते ती दुसऱ्या पावसाळ्यानंतर पुन्हा सगळे काम काढण्यापेक्षा स्वस्त आहे, हे मी आकडेमोड करून नव्हे, दोनदा पैसे भरून शिकलो आहे.

कामाच्या रीतीविषयी थोडे सांगतो. आधी गाडी धुऊन उन्हात दोन दिवस वाळवावी. बॅटरीच्या तारा सोडाव्या. जुन्या जीपांत तेलाची टाकी चालकाच्या बैठकीखालीच असते. ती गाडीतून पूर्णपणे काढून दूर ठेवल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पडू देऊ नये. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहणारा मनुष्य फसतो. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच अधिक भडकते. कुजका पत्रा चकचकीत लोखंड लागेपर्यंत मागे कापीत जावा. ठिगळ मूळ पत्र्याइतक्याच जाडीचे, साधारणपणे १८ गेजचे, म्हणजे सव्वा मिलिमीटराच्या जवळपास असावे. मजबुतीच्या हौसेने जाड पत्रा लावला तर सांध्यावर जुना पातळ पत्रा फाटतो. फाटके व ट्रॉल्या जोडणारे जाड कांडीचे वेल्डिंग येथे चालत नाही, त्याने पत्रा जळून भोके पडतात. गॅसचे किंवा बारीक तारेचे वेल्डिंग करणारा हात शोधावा. तोही एका टोकापासून सलग टाका ओढीत गेला तर पत्रा पापडासारखा वाकतो. एक टाका येथे, दुसरा समोर, मग थंड होऊ द्यावे, असे शिवणकामाप्रमाणे करावे. जस्ती पत्रा वापरावयाचा असल्यास सांध्याच्या कडेचे जस्त आधी घासून काढावे; त्याच्या धुराने कारागिरास रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

बारीक लाल गंज राहिला असेल तेथे गंज काळा करणारी औषधे मिळतात. त्यांपैकी काहींत टॅनिन असते. आवळा विळीवर चिरला की पाते काळे पडते, तोच हा गुण. ही औषधे पातळ गंजावर ठीक आहेत, भोकावर त्यांचा काही इलाज नाही. त्यानंतर रेड ऑक्साईड लावतात आणि पुष्कळांचे काम तेथेच थांबते. पैसे संपतात किंवा पेरणी येते. रेड ऑक्साईडचा लाल रंग म्हणजे गेरूसारखाच लोखंडाचा रंग आहे, त्यात जादू नाही. उघडा ठेवल्यास तो पाणी पितो आणि आतल्या आत गंज पुन्हा सुरू होतो. त्यावर सांध्यात पाणीबंद मसाला व वर रंगाचे दोन हात झालेच पाहिजेत. लुकणाला माझा सर्वस्वी विरोध नाही. वेल्डिंगच्या टाक्यावरची उंचसखल जागा सारखी करण्यापुरते, नखाच्या जाडीचे, ते असावे. भोक बुजविण्याचे ते साधन नव्हे.

पट्ट्यांच्या पोकळीत व चासीच्या आतल्या अंगाला रंगाचा कुंचला पोहोचत नाही. तेथे आमच्याकडे जळके ऑईल ओतण्याची चाल आहे. ते आंबट झालेले असते, धुळीचा चिखल करते आणि थेंब थेंब करून शेवटी शेतात व विहिरीकडे जाते. ती चाल सोडावी. जुन्या काळी लोखंडी पुलांना व जहाजांना शेंदूर जवसाच्या तेलात खलून लावीत. राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या मनुष्यास शेंदुराचे लेपन किती टिकते हे सांगावयास नको. शेंदूर हे शिशाचे विष आहे, म्हणून आता तो वर्ज्य मानावा; परंतु उकळलेले जवसाचे तेल अद्याप तितकेच कामाचे आहे, कारण ते नुसते माखत नाही तर हवेत सुकून कातडीसारखे बसते. करडईच्या तेलातही हा गुण थोडाफार आहे. एक सावधगिरी सांगून ठेवतो. या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कधीही टाकू नये, आणि कापसाच्या ढिगाजवळ तर मुळीच नव्हे. तेल सुकताना उष्णता सोडते व चिंधी कोणी काडी न लावता पेट घेते. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्या किंवा पाण्यात बुडवाव्या.

कोणती गाडी दुरुस्त करू नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अंगाचा पत्रा सर्व गेला तरी हरकत नाही. परंतु कमानपाट्याचे कान किंवा स्टिअरिंगच्या पेटीजवळची चासी हातोडीला बद्द बोलत असेल आणि ती मुळापासून नवी जोडणारा जाणता कारागीर जवळ नसेल, तर ममता न बाळगता ती जालन्याच्या काट्यावर चढवावी. वडिलांनी घेतलेली गाडी आहे, हे कारण तिच्यात मुलाबाळांना बसविण्यास पुरेसे नाही.

कायद्याचे थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ही फी १ एप्रिल २०२२ पासून चारचाकी हलक्या गाडीस ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाडीस १०,००० करण्यात आली. कुजका पत्रा बदलणे ही दुरुस्ती आहे. गाडीचा मूळ घाट बदलणे ही निराळी गोष्ट, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती कारखान्याच्या मूळ रचनेविरुद्ध करता येणार नाही असा निर्णय दिला आहे. उत्तरेकडून सजवून आलेल्या रुंद टायरांच्या जीपा पाहून आमच्या तरुणांना भुरळ पडते, म्हणून हे लिहिले. चासीवरील ठोकलेला क्रमांक मात्र घासताना वा रंगविताना कोणत्याही परिस्थितीत पुसू देऊ नये.

आपल्या संस्थेने या कामी एक गोष्ट करावी अशी माझी सूचना आहे. बियाणे व खते यांच्या बरोबरीने बारीक तारेच्या वेल्डिंगचा एक संच संस्थेने घ्यावा, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकून आलेल्या आपल्याच गावच्या दोन मुलांच्या हाती तो द्यावा, आणि वैशाखात, पेरणीपूर्वी, ज्या सभासदांच्या गाड्यांतून मजूर अथवा शाळेची मुले जातात त्या गाड्यांची फरशी व चासी हातोडीने तपासून द्यावी. संस्था शेतीसाठी आहे, मोटारींसाठी नाही, असा आक्षेप मागील बैठकीत एका वडीलधाऱ्या सभासदांनी घेतला. त्यांचा मान राखून मी इतकेच म्हणतो, की नांगराचा फाळ शेवटून घ्यावयास आपण लोहाराकडे जात होतो तेव्हा त्याला बलुते देत होतो. त्या बलुत्याला कोणी शेतीबाहेरचा खर्च म्हटले नव्हते. लोहाराचा भाता विझला आणि त्याच्या जागी कोणी आले नाही, म्हणून आम्ही तालुक्याच्या गावी गाड्या गुत्त्याने देऊ लागलो.

माझ्या गाडीचे काम या खेपेस रोजाने चालले आहे. फरशी व खालच्या पट्ट्या नव्या झाल्या. मागचा डावा कोपरा कापून ठेवला आहे, तो हातभर वाटला होता, फाळक्याच्या बिजागरीपर्यंत गेला. तुळशीच्या लग्नापर्यंत त्यावर लुकण अथवा रंग चढणार नाही. ज्या सभासदांना कुजका पत्रा व नवा सांधा शेजारी शेजारी पाहावयाचा असेल त्यांनी तोवर केव्हाही केदारखेड्यास यावे. हातोडी गाडीतच ठेवली आहे.